केजच्या मोहल्ल्यात चिमुकल्यांचा खेळगट : ऋतूप्रमाणे वर्षाचे खेळ कसे आखाल?

आपल्या मोहल्ल्यात तीन ते सहा वर्षांची दहा-बारा मुलं सहज निघतात. अम्मी कामात, अब्बू गाड्यावर किंवा शेतात, आणि मूल मोबाईल घेऊन कोपऱ्यात. चार घरांतल्या आयांनी मिळून सकाळी दोन तास खेळगट चालवायचा ठरवला तर अंगण मिळतं, मुलंही येतात. अडतं ते दुसऱ्याच आठवड्यात : आज मुलांना काय खेळवायचं?

त्यासाठी महागडी खेळणी आणायची गरज नाही. पाऊस, कापूस, सीताफळ, माठ आणि चंद्र आपल्याकडे फुकट आहेत. फक्त वर्षाची आखणी आधी करावी लागते. केजमध्ये ती करताना एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात घ्यावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघतात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण एवढी लहान मुलं आई-वडिलांबरोबरच जातात. म्हणून महत्त्वाचं सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बसवायचं.

ही वाट महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला हेच काम केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. खडे, बिया, पानं हीच त्यांची साधनं होती. आज सरकारी अंगणवाडीला जे नाव आहे, ते तिथूनच आलं.

पावसाळा : मोजणं आणि पेरणं

उघड्यावर सरळ कडांचा एक डबा ठेवा. पाऊस थांबला की मूल त्यात बोट बुडवून बघेल : एक पेर भरलं की दोन? तेवढ्याच लांबीचा दोरा कापून भिंतीवर लावा. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली तर भिंतीवर दोरे वाढणार नाहीत, आणि अब्बू आभाळाकडे का बघतात ते मुलाला न सांगता कळेल.

ओल्या फडक्यात मटकी बांधून रोज उघडून बघा. फुटक्या टोपल्यात मेथी पेरा. मृगाचा लाल मखमली किडा दिसला तर तळहातावर चालू द्या आणि मग सोडून द्या.

पाण्याचे खेळ खेळा, पण पाणी एकाच घमेल्यातलं, आणि खेळ संपला की ते झाडाला. धनेगावचं मांजरा धरण आपल्याच तालुक्यात आहे. 2016 मध्ये ते कोरडं पडलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

हिवाळा : फळं, कापूस आणि सावली

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ बीड जिल्ह्याची ओळख आहे, त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फळ खाऊन झालं की बिया धुऊन मोजा : कुणाच्या फळात जास्त निघाल्या? मात्र मोठ्यांच्या नजरेसमोरच. या बिया चावून खाल्ल्या तर विषारी असतात, आणि त्यांची भुकटी डोळ्यात गेली तर इजा होते. मोजून झाल्या की लगेच उचला.

कापसाच्या बोंडातून सरकी वेगळी करायला मुलांना फार आवडतं, आणि पुढे लिहिताना लागणारी बोटांची ताकद त्यातूनच येते. सकाळच्या उन्हात खडूनं एकमेकांची सावली आखा आणि तासाभरानं पुन्हा बघा. सावली सरकलेली दिसते, आखणी जिथल्या तिथे असते.

बाजारच्या दिवशी फळांच्या गाड्यावर गटाची फेरी न्या. बागवान मामांना विचारा, आज नवीन काय आलं? सीताफळ, मग बोरं, मग कलिंगड, आंबा, जांभूळ. हा गाडा म्हणजेच मुलांचं ऋतूंचं पुस्तक.

उन्हाळा : सकाळी लवकर, सावलीत

पारा चाळिशीपार जातो, तेव्हा गट सकाळी आठ ते साडेनऊ एवढाच ठेवा. एक माठ आणि एक स्टीलचा डबा, दोन्हींत सारखंच पाणी भरा. दुसऱ्या दिवशी हात लावून बघा. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. एवढं मोठं शास्त्र मुलाच्या तळहाताला कळतं.

पाखरांसाठी परळात पाणी ठेवण्याचं काम रोज एका मुलाकडे द्या. लहानग्या अबू उमैरला प्रेषित मुहम्मद (स.) त्याच्या पाखराबद्दल प्रेमानं विचारत, ही हदीस इथे गोष्ट म्हणून सांगता येते.

ईद कोणत्या ऋतूत?

आपल्या मुलांच्या घरात दोन वर्षं चालतात. शेताचं वर्ष ऋतूंना बांधलेलं आहे. चांद्र वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. भारतात रमजान ईद 2024 मध्ये 11 एप्रिलला होती, 2025 मध्ये 31 मार्चला. साधारण 33 वर्षांत ती सगळ्या ऋतूंतून फिरून येते. त्यामुळे ईदचे खेळ एका महिन्याला चिकटवू नका, वेगळ्या कागदावर ठेवा.

चंद्राचा खेळ भाकरीनं करा. अख्खी भाकरी म्हणजे चौदहवी का चांद, तुकडे तोडत गेलं की कोर उरते. मग संध्याकाळी दादी किंवा अब्बूंबरोबर खरा चंद्र बघून सकाळी कोळशानं काढायचा. घरात मुलं दखनी बोलतात, गटातही बोलू द्या. त्याच वस्तूचं मराठी नाव खेळता खेळता जोडलं जातं. रमजानमध्ये मोठ्यांची झोप-जाग बदलते, तेव्हा गट उशिरा भरवा आणि कमी वेळ ठेवा.

उसाला जाणाऱ्या मुलाची थैली

सप्टेंबरमध्येच प्रत्येक जाणाऱ्या मुलासाठी कापडी थैली शिवून ठेवा. त्यात पाटी, खडू, चिंध्यांचा चेंडू, मोजायचा दोरा आणि एक कोरी वही. तिथे मुलानं उसाची कांडी मोजायची, मोळ्या मोजायच्या, रोजचा चंद्र वहीत काढायचा. इथली मुलंही तोच चंद्र काढतील. आठवड्यातून एकदा आईच्या मोबाईलवर फोन लावा, दोन मिनिटं सगळ्यांनी बोलावं. परत आल्यावर ती वही सगळ्यांसमोर उघडायची. मूल मागे पडून नाही, काहीतरी घेऊन आलं, असं गटाला दिसलं पाहिजे.

अशा मुलाचं नाव अंगणवाडीत असेल तर निघण्याआधी ताईंना जरूर सांगा, म्हणजे जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत त्याची नोंद आणि आहाराची सोय करता येते.

आखणी करताना

- आठवड्याला एकच नवा खेळ, बाकी दिवस तोच पुन्हा. लहान मुलांना तेच हवं असतं.
- एक खेळ वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका.
- बारा मुलांमागे किमान दोन मोठी माणसं हवीत.
- एरंड, गुंज, धोत्रा यांच्या बिया गटात आणूच नका. बारीक दाणे मुलं नाका-कानात घालतात, म्हणून खेळ संपताच ते मोजून परत घ्या.
- प्रत्येक महिन्यासाठी एक जबाबदार घर ठरवा. सगळा भार एकाच आपावर टाकला तर गट ईदपर्यंतही टिकत नाही.

मे महिन्यात एका दुपारी चार आया एकत्र बसल्या तर जुन्या पुठ्ठ्यावर बारा रकाने तासाभरात भरून होतात. सुरुवात सप्टेंबरच्या रकान्यापासून करा, आणि त्यात आधी जाणाऱ्या मुलांची नावं लिहा.