राग माणूस पाहून येतो

‘राग अनावर झाला’ हे वाक्य आपल्याकडे माफीपत्रासारखे वापरले जाते. ते उच्चारले की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यावे, अशी अपेक्षा सुरू होते. परंतु हे वाक्य कितपत खरे आहे, हे कोणत्याही कचेरीत एक दिवस डोळसपणे बसल्यास कळून येईल. साहेबांनी चारचौघांत केलेला पाणउतारा जो कारकून मान खाली घालून ऐकतो, तोच तासाभराने खिडकीशी उभ्या असलेल्या वृद्ध शेतकऱ्यावर, एक कागद कमी आहे एवढ्याच कारणावरून खेकसतो. संताप दोन्ही वेळी होता. पहिल्या वेळी तो आवरला गेला, दुसऱ्या वेळी आवरला गेला नाही. म्हणजे आवरण्याचे सामर्थ्य होते. गरज तेवढी वाटली नाही. राग आंधळा असतो असे म्हणतात. वास्तविक तो माणूस पाहून येतो.

शेतकऱ्याने गिळलेला अपमान पुढे घरात उतरतो, घरातून मुलापर्यंत जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि त्याचा खर्च खालच्या अंगाच्या गावाने सोसावा, तसा हा प्रकार आहे. रागावणाऱ्याला राग फुकट वाटतो, कारण त्याची किंमत उलट उत्तर देऊ न शकणारा माणूस मोजत असतो.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या जाणिवेचा विचारात व वागण्यात उपयोग करणे, असा तिचा थोडक्यात आशय आहे. 1995 साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचविली. तथापि, लोकप्रियतेबरोबर तिचा अर्थ ‘सदैव शांत राहणे’ एवढाच उरला. भावना दडपणे म्हणजे भावना जाणणे नव्हे.

मेहरूणच्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांना हे निराळ्या रीतीने समजावून देता येईल. कोणत्याही तलावाला बांध लागतो, तसाच सांडवाही लागतो. नुसता बांध असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो आणि फुटताना खालचीच शेते वाहून नेतो. मनाचेही तसेच आहे. दिवसभर दाबलेला राग संध्याकाळी घरी फुटतो, तेव्हा त्याला वाट नसते, उतार तेवढा असतो.

मग ही वाट काढायची कशी? तिची पहिली पायरी भावनेला तिच्या खऱ्या नावाने ओळखणे ही होय. वैताग, चीड, हिरमोड, उद्वेग, तगमग, लाज असे किती तरी शब्द मराठीत असताना आपण सर्वांवर ‘राग’ अशी एकच चिठ्ठी चिकटवतो. बारावीच्या निकालाच्या दिवशी मुलावर ओरडणाऱ्या बापाच्या मनात बहुधा राग नसतोच. भविष्याची भीती आणि शेजाऱ्यांसमोरची लाज असते. ‘मला तुझी काळजी वाटते’ हे तो म्हणू शकला, तर मुलगा निदान समोर बसेल. वर्गात उत्तर न आल्याबद्दल विद्यार्थ्याची खिल्ली उडविणाऱ्या शिक्षकाच्या मनातही पुष्कळदा स्वतःच्या शिकवण्याविषयीची शंकाच दडलेली असते.

मन असे न्याहाळण्यासाठी पदवी लागत नाही. जळगावशेजारच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आले. शेत, घर आणि मुले सांभाळताना त्यांची गाणी जात्यावर व शेतात जन्माला आली. 1951 साली त्या निवर्तल्या आणि पुढल्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मनाच्या चंचलतेवरील त्यांच्या गाण्यात मनाला शाप नाही, उपदेशाचा आवही नाही. गुरे राखणारा जसा गुरांची खोड जाणतो, तसे मन जाणण्याचा तो प्रयत्न आहे. 2018 पासून येथील विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते; परंतु त्यांनी कमावलेल्या या विद्येला आपल्या अभ्यासक्रमात किती स्थान आहे?

दुसरी पायरी ॲडम स्मिथने दाखविली आहे. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या सतरा वर्षे आधी, 1759 साली, त्याने नीतिभावनांवर ग्रंथ लिहिला. आपल्या वर्तनाकडे पाहणारा एक निःपक्ष प्रेक्षक माणसाने मनात बाळगावा, असे त्याचे सांगणे होते. साहेबांपुढे हा प्रेक्षक आपोआप जागा होतो. खरी परीक्षा खिडकीपलीकडच्या माणसासमोर तो जागा राहतो की नाही, ही आहे. ‘याच्या जागी साहेब असते, तर आपण हेच शब्द वापरले असते काय?’ एवढा एक प्रश्न बोलण्यापूर्वी स्वतःला विचारला, तरी पुष्कळ शब्द ओठांवरच थांबतील.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मे महिन्यातला खानदेशातला उन्हाळा, रिकाम्या जागा, दोघांचे काम एकाच्या टेबलावर; अशा स्थितीत शांतीचा उपदेश करणे सोपे असते आणि तो बहुधा वरचाच माणूस खालच्याला करतो. म्हणूनच हे स्पष्ट म्हटले पाहिजे की, भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. कामाच्या बोजाबद्दलची चीड न्याय्य असेल, तर ती लेखी तक्रारीतून, संघटनेतून, जिथून बोजा आला त्या दिशेने वर गेली पाहिजे. आज नेमके उलट घडते: वर जाणारा राग गिळला जातो आणि खाली जाणारा मोकळा सुटतो.

एखाद्या माणसाची, शाळेची वा कचेरीची भावनिक जाण मोजायची असेल, तर ती वरिष्ठांशी किती नम्र आहे, हे पाहू नये. शिपायाला हाक कशी मारली जाते, नापास विद्यार्थ्याशी कोणत्या स्वरात बोलले जाते आणि अर्ज चुकलेल्या म्हाताऱ्याला तो पुन्हा लिहून देण्यास कोणी पुढे येते काय, हे पाहावे.