हाड खाणारा किडा आणि नावाची जबाबदारी



पूर्णेत बसून खोल समुद्रातल्या किड्यावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. आपल्याकडे पाणी म्हणजे नदी. ती पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला, एवढाच आपला समुद्राशी संबंध. त्यात आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेलं, प्राणिशास्त्र नव्हे. पण नव्या प्राण्याला नाव कसं देतात हे वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. शब्द उच्चारला की त्याने नेमकं काय दाखवलं जातं? आज तेवढंच पाहू.

आधी किडा समजून घेऊ. २००२ साली कॅलिफोर्नियाजवळ माँटेरे उपसागरात, सुमारे २,९०० मीटर खोलीवर, दूरनियंत्रित पाणबुडीला एका मेलेल्या ग्रे व्हेलचा सांगाडा दिसला. हाडांवर जणू लाल तुऱ्यांचं शेत उगवलं होतं. हे तुरे म्हणजे किडे होते. त्यांना ना तोंड, ना पोट. वर लाल तुरा, तो पाण्यातला प्राणवायू घेतो. खाली झाडासारखी मुळं, ती हाडात शिरलेली. मुळं आम्ल सोडून हाडाचा कठीण भाग विरघळवतात आणि आतल्या प्रथिनांवर नि चरबीवर किडा जगतो. या कामात मुळांत राहणारे जिवाणू त्याचे भागीदार असतात.

ग्रेग राऊज, शाना गॉफ्रेडी आणि रॉबर्ट व्रायेनहूक यांनी २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ओसेडॅक्स. लॅटिनमध्ये ‘ओस’ म्हणजे हाड, ‘एडॅक्स’ म्हणजे खादाड. तेव्हा एकदम दोन जाती जाहीर झाल्या. आपण आपल्या सोयीसाठी त्याला हाडखाऊ म्हणू.

आता नाव देणं म्हणजे बारसं नव्हे. आधी नमुना नीट जपावा लागतो. काही भाग फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे आकार टिकतो. काही अल्कोहोलमध्ये, म्हणजे डीएनए टिकतो. मग जवळच्या सगळ्या ज्ञात जातींशी ताडून पाहायचं, मोजमापं घ्यायची, चित्रं काढायची. मग एक नमुना निवडायचा. त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात कायमचा ठेवायचा. उद्या वाद झाला की हे नाव कोणाचं, तर उत्तर एकच: त्या बाटलीतल्या प्राण्याचं. प्राण्यांच्या नावांचा हा हिशेब लिनेयसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरला जातो.

इथे आम्हाला आपले नैयायिक आठवतात. गौतमाच्या न्यायसूत्रात हाच वाद आहे. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय? समोरची ही गाय, म्हणजे व्यक्ती? तिचा आकार, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींत असलेलं गोत्व, म्हणजे जाती? न्यायाचं उत्तर असं की तिन्ही. शास्त्रज्ञही तेच करतात. बाटलीतला नमुना ही व्यक्ती, वर्णन ही आकृती, आणि दावा मात्र जातीचा.

बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग म्हणेल, गोत्व कुठे पाहिलंत? ‘गाय’ म्हणजे जे गाय नाही ते सगळं वगळून उरतं ते. याला अपोहवाद म्हणतात. विद्यार्थ्यांना हे शिकवताना आम्हालाही ते थोडं कोरडंच वाटायचं. पण नव्या जातीच्या शोधनिबंधात एक सक्तीचा भाग असतो: ही जाती इतरांहून कशाने वेगळी, ते सांगा. आपला जुना शब्द त्याला चपखल बसतो, व्यवच्छेदक लक्षण. म्हणजे नुसतं ‘हा असा आहे’ म्हणून भागत नाही. ‘हा तो नाही’ हेही सिद्ध करावं लागतं.

नुसत्या आकृतीवर भरवसा ठेवला तर काय होतं, ते याच किड्याच्या घराण्यात दिसतं. त्याचे नातलग, समुद्रतळावरचे नळीत राहणारे तोंड नसलेले कृमी, दिसायला इतके वेगळे की एके काळी त्यांना प्राणिसृष्टीत स्वतंत्र संघांचा दर्जा दिला होता. पुढे कळलं की ते वलयी कृमींतलेच आहेत. म्हणजे आपल्या शेतातल्या गांडुळाचे दूरचे भाऊबंद!

आणि हाडखाऊने खुद्द अभ्यासकांनाही चकवलं. सुरुवातीला मिळाल्या त्या साऱ्या माद्याच. नर कुठे? मग मादीच्या नळीतच सापडले, सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत इतके लहान, कधीकधी शंभराहून अधिक. झालं, ‘बुटके नर’ हे या कुळाचं लक्षण ठरलं. दहाएक वर्षांनी एक जाती मिळाली, जिचे नर चांगले मोठे आणि स्वतः हाड खाणारे! लक्षण बदलावं लागलं. यात कमीपणा काही नाही. व्याख्या दुरुस्त करता येते, म्हणून तर ते शास्त्र.

तुम्ही म्हणाल, सर, हे ठीक. पण आपल्याला त्याचं काय? म्हणून आता आपल्या शिवारात येऊ.

आमच्या लहानपणी जनावर मेलं की गावाबाहेर गिधाडं उतरायची. थोड्या वेळात हाडं तेवढी उरायची. आज आमच्या नातवंडांनी गिधाड चित्रात पाहिलंय. १९९० नंतर भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. ज्या २००४ साली हाडखाऊला नाव मिळालं, त्याच वर्षी पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण पुढे आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी. २००६ साली भारताने जनावरांसाठी ते बंद केलं.

यात नावाचा संबंध कुठे आला? लांब चोचीचं गिधाड एकच समजलं जायचं. २००१ साली अभ्यासकांनी दाखवलं की या दोन जाती आहेत: एक आपल्याकडची, कड्यांवर घरटी करणारी, दुसरी बारीक चोचीची, उत्तरेकडची, झाडांवर घरटी करणारी. एकत्र मोजत होतो तोवर दुसरी किती थोडी उरलीय हे नीट कळणारच नव्हतं. नाव वेगळं झालं आणि मोजणी वेगळी झाली.

म्हणून आम्ही म्हणतो, नुसत्या नावाने कोणी वाचत नाही. गिधाडाला नाव होतं, तरी ते गेलं. पण नाव नसेल तर गेलं हेही कळत नाही. हाडखाऊच्या कितीतरी जाती वर्षानुवर्षं ‘पिवळ्या गळपट्टीचा’ अशा टोपणनावांनी वावरत होत्या. २०१८ साली राऊज आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या १४ नव्या जातींना एकदम रीतसर नावं दिली. आज एकूण पंचवीसहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात.

आता हेही आपलंच. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंच्या गोट्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. उद्या तिथे खाणकाम करायचं की नाही, हे ठरवताना कोणीतरी विचारेल, तिथे कोण कोण राहतं? त्या यादीत जे नाव नसेल, त्याची बाजू मांडणार कोण? ती यादी करण्याचं काम सावकाश चालतं, त्याला पैसा कमी, माणसं त्याहून कमी. आपल्या मुलांपैकी कोणी हे शिकायचं म्हणालं, तर ‘किडे मोजून पोट भरतं का’ असं लगेच म्हणू नका. एवढी विनंती करतो आणि थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.