कोनाडा गेला, फळी राहिली

शहापुरातील आमचे जुने घर पाडायचे ठरले, तेव्हा तिघा भावांत पैशांची वाटणी सुरळीत झाली. अडले ते लाकडावर. तुळया, दारे, चौकटी सगळ्याला मिळून एका व्यापाऱ्याने भाव सांगितला. ‘एक तरी वस्तू ठेवा रे,’ असे आई म्हणत होती. पण ठेवणार कोण आणि कुठे, यावर कुणी बोलेना. शेवटी माळ्याची एक सागवानी फळी मी बाजूला काढली. मग नवाच प्रश्न : फळी एक, भाऊ तीन!

त्या घराच्या मातीच्या भिंती दोन फूट जाड. प्रत्येक खोलीत कोनाडा होताच. आजी त्याला ‘कोनाडा’ म्हणे, धारवाडकडची आमची आई ‘गूडु’. दिवा, चष्मा, सुटे पैसे, औषधाची बाटली सारे तिथेच. आताच्या साडेचार इंची भिंतीत कोनाडा कसा कोरणार? म्हणून त्या फळीचीच भिंतीवर लावायची तीन छोटी शेल्फे करायचे ठरवले.

आधी लाकूड पाहा

ओळखीच्या सुताराने फळीवर बोट वाजवले आणि म्हणाला, “हळे कट्टिगी, भाळ गट्टी!” खरेच आहे. जुन्या लाकडातला ओलावा केव्हाच गेलेला असतो. ते सहसा वाकत नाही. तरी टोकदार खिळ्याने टोचून पाहावे. खिळा सहज आत गेला, तर वाळवी लागलेली समजावी. बारीक भुसा गळत असेल तर भुंगा. असा तुकडा घरात आणूच नये. सगळे खिळे पकडीने उपटावेत. एक जरी राहिला, तरी रंध्याचे पाते जाते.

जुना ऑइलपेंट असेल तर जास्त जपावे. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे.

एका फळीची तीन शेल्फे

आमची फळी सव्वासहा फूट लांब, साडेसात इंच रुंद, एक इंच जाड होती. प्रथम लांबीच्या बाजूने सव्वा इंचाची पट्टी कापून घेतली. उरलेल्या फळीचे दीड-दीड फुटाचे तीन तुकडे केले. शेवटच्या तुकड्यातून सहा इंचांचे तीन चौकोन काढून ते तिरके कापले, की सहा त्रिकोणी आधार तयार! प्रत्येक शेल्फाला दोन आधार आणि मागे, त्यांच्या मधोमध, पट्टीचा एक फुटाचा तुकडा. गुण्या लावून काटकोन पाहावा. जोडताना फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरावेत. स्क्रूआधी बारीक भोक पाडावे, नाहीतर लाकूड चिरते.

पॉलिशऐवजी जवसाचे, म्हणजे आपल्या अगसीचे तेल दिले. पातळ हात देऊन जादाचे पुसून काढावे. घाण्याचे तेल वाळायला बरेच दिवस घेते. घाई करू नये. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

भिंतीवर लावताना

स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये. आत वायर असते. पाणसळीने रेघ आखून मागच्या पट्टीतून दोन स्क्रू मारावेत. ८ मिलिमीटरचे भोक, तेवढाच प्लॅस्टिकचा प्लग. स्क्रू गिलाव्यातच राहता कामा नये, विटेत जायला हवा. शेल्फावर हलक्या वस्तूच ठेवाव्यात. पाण्याने भरलेली कुंडी नको.

एक शेल्फ बेळगावात राहिले, एक हुबळीला गेले, एक पुण्याला. तिन्हींच्या खालच्या बाजूला माळ्याच्या खिळ्यांची काळी भोके आहेत. सुतार ती लांबी भरून बुजवणार होता. तिघांनीही नको म्हटले. बेळगावच्या शेल्फावर आईचा चष्मा असतो. नातवाने विचारले, “आजी, चष्मा कुठे?” की ती म्हणते, “गूडिनल्लि नोडु.”