ओसाड गांवाची ओढ

स्कॉटलंडच्या उत्तर टोंकाजवळ, पूर्व किनाऱ्यावर केथनेस नांवाचा परगणा आहे. तेथें हेल्म्सडेल व बेरीडेल ह्या दोन गांवांच्या दरम्यान, समुद्राच्या कड्यावर बॅडबे नांवाचें एक लहानसें खेडें होतें. आज तेथें वस्ती नाहीं. गवतांत बुडालेलीं घरांचीं जोतीं आणि एक दगडी स्मारक एवढेंच काय तें उरलें आहे. हें स्मारक उभारणारा गृहस्थ मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला, न्यूझीलंडमध्यें स्थायिक झालेल्या कुटुंबांतला होता. ज्या गांवानें पूर्वजांना कष्टांवांचून फारसें कांहीं दिलें नाहीं, त्याची ओढ पुढील पिढीला कां वाटावी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

वस्तुतः बॅडबे हें तेथील लोकांचें मूळ गांव नव्हेच. त्यांचे वाडवडील लँगवेल, आउसडेल व बेरीडेल येथील खोऱ्यांत राहत. तेथें नदीकांठची जमीन होती आणि गुरांना चरावयास रान होतें. परंतु जमीन कुळांची नसून जमीनदाराची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोंकरीला चांगला भाव येऊं लागला, आणि अनेक लहान कुळांच्या खंडापेक्षां मेंढ्यांचें एकच मोठें कुरण अधिक किफायतशीर, असा हिशेब जमीनदारांनीं मांडिला. मग स्कॉटलंडच्या उत्तर भागांतील खोरींच्या खोरीं माणसांपासून मोकळीं करण्यांत आलीं. इतिहासांत ह्या प्रकाराला ‘हायलँड क्लिअरन्सेस’ असें नांव आहे.

लँगवेलचे त्या वेळचे मालक सर जॉन सिंक्लेअर हे विद्वान् व सुधारणाप्रिय गृहस्थ होते. १७९१ ते १७९९ ह्या काळांत त्यांनीं स्कॉटलंडमधील प्रत्येक धर्मपरगण्याची माहिती तेथील धर्मोपदेशकांकडून मागवून ती २१ खंडांत प्रसिद्ध केली. असल्या मोजदादीपासून लोकांच्या वांट्याला किती सुख आलें आहे हें समजावें, असा त्यांचा हेतु होता. चेव्हिअट जातीच्या मेंढ्या ह्या भागांत आणण्याचें श्रेयहि त्यांनाच देतात. लोकांचें सुख मोजूं पाहणाऱ्या ह्याच गृहस्थाच्या जमिनींत मेंढ्या आल्या आणि माणसांना जागा सोडावी लागली.

उठविलेल्या कुटुंबांपैकीं कांहीं १७९२ च्या सुमारास बॅडबेच्या उतरणीवर येऊन राहिलीं. खालीं समुद्र, वर मेंढ्यांचीं कुरणें आणि मध्यें खडकाळ जमिनीची अरुंद पट्टी! तेथें त्यांनीं दगड वेंचून काढिले, त्याच दगडांचीं घरें रचिलीं आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यांवर पोटापुरतें पिकविलें. पुरुष हेरिंग मासळीच्या धंद्यांत शिरले. वारा तर असा, कीं गुरें व कोंबडीं कड्यावरून खालीं जाऊं नयेत म्हणून बांधून ठेवावीं लागत. इतकेंच नव्हे, तर लहान मुलांनाहि दाव्यानें बांधीत, असें सांगतात. आई कामांत गुंतलेली आणि अंगणांत मूल दाव्याला, ह्या एका चित्रांत त्या गांवाचा सारा संसार येतो.

तरीहि गांव नांदलें. जॉन सदरलँड नांवाचा एक भाविक गृहस्थ तेथें लोकांना धर्मोपदेश करी. लोक त्याला ‘जॉन बॅडबे’ म्हणत. आसरा म्हणून पत्करलेली जागा माणसाचें उपनांव होऊन बसली, तेव्हां ती परकी राहिली नव्हती हें उघड आहे.

पुढें मासेमारीला उतरती कळा लागली, तरुण माणसें बाहेर पडलीं आणि १९११ सालीं शेवटच्या रहिवाशानेंहि गांव सोडिलें. त्याच सुमारास स्मारक उभें राहिलें. अलेक्झांडर रॉबर्ट सदरलँड हा १८३९ सालीं बॅडबे सोडून न्यूझीलंडला गेला होता. वडिलांच्या व त्यांच्या गांवकऱ्यांच्या स्मरणार्थ त्याच्या मुलानें हा दगड उभारविला व त्यावर तेथें राहिलेल्या माणसांचीं नांवें कोरविलीं.

पूर्वजांच्या गांवाची ओढ ही तेथील सुखावर अवलंबून नसते, असें ह्यावरून दिसतें. खोऱ्यांतली जमीन अधिक चांगली होती खरी. पण बॅडबेचा प्रत्येक बांध व प्रत्येक भिंत त्या लोकांनीं स्वतःच्या हातांनीं उभी केली होती. घरांतील वडील माणसें जुन्या गोष्टी सांगतात त्या ह्या श्रमांच्या असतात, आणि मुलांच्या मनांत गांव उभें राहतें तें त्या गोष्टींतून. परंतु सांगणारा गेला कीं दुसऱ्या तिसऱ्या पिढींत नांवेंहि पुसट होतात. बॅडबेचीं नांवें राहिलीं, कारण एका मुलानें वेळीं तीं दगडावर कोरवून घेतलीं. सगळ्यांनाच दगड उभारतां येत नाहीं. परंतु आजा-पणजांचीं नांवें, त्यांचें गांव आणि तें कां सोडावें लागलें तें कारण, एवढें एका वहींत उतरून ठेवणें कोणत्याहि घराला जमण्यासारखें आहे.