उतारवयातील दात आतून कसा बदलतो

तुरीचा दाणा दाताखाली फोडून तो किती वाळला आहे हे पाहण्याची रीत बिदर-कलबुर्गीच्या अडत बाजारात सर्वांस परिचित आहे. तरुणपणी ज्या दातांनी हे सहज साधते, तेच दात साठीनंतर वरणातील एखाद्या खड्याने तडकतात. कीड नसताना असे का व्हावे, हा प्रश्न अनेक वडीलधाऱ्या सभासदांस पडतो.

वैद्यकविद्या आमच्या भूमीस नवी नाही. मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, येथील अमोघवर्षाच्या सभेशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या जैनाचार्य उग्रादित्यांचा 'कल्याणकारक' १९४० साली सोलापुरात प्रसिद्ध झाला. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक मात्र नव्हता.

दाताच्या चकचकीत कवचाखाली डेंटिन हा पिवळसर भाग असतो. वजनाने त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य व बाकी पाणी. या सेंद्रिय द्रव्यात मुख्यत्वे कोलॅजेन हे प्रथिन असते. खनिजाने काठिण्य येते, कोलॅजेनच्या तंतूंनी चिवटपणा. डेंटिनमधील असंख्य सूक्ष्म नलिका वयपरत्वे खनिजाने भरत जातात व मुळाच्या टोकाकडून दात पारदर्शक होऊ लागतो. गुस्ताफसन या स्वीडिश दंततज्ज्ञाने १९५० साली वय ओळखण्याच्या सहा लक्षणांत याची गणना केली.

कोलॅजेनचे दुखणे निराळे आहे. हाड झिजते व पुन्हा घडते; डेंटिनमधील कोलॅजेन जन्मभर तेच राहते. या भांडवलात नवी भर नाही! शरीरातील साखर तंतूंना चिकटून त्यांच्यात आडवे बंध निर्माण करते. तव्यावर भाकरी खरपूस होते, त्याच जातीची ही क्रिया. फक्त देहाच्या उष्णतेवर वर्षानुवर्षे चालणारी. तंतू ताठर होतात, रंग गडद होतो आणि बारीक चीर अडविण्याचे सामर्थ्य उणावते. मधुमेहात ही क्रिया अधिक बळावते. शिवाय डेंटिनच्या प्रथिनांतील अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे 'डावे' रेणू इतक्या संथ व नियमित गतीने 'उजवे' होतात की, हेल्फमन व बाडा यांनी १९७६ मध्ये त्यावरून वयाचा हिशेब मांडून दाखविला. दात स्वतःची खतावणी ठेवतो म्हणा ना!

सर्वांत फसवी गोष्ट ही की, नलिका बुजल्याने व आतील मज्जेची पोकळी आकसल्याने म्हाताऱ्या दातास कळ कमी लागते. तडा गेला तरी कित्येकदा सूचना मिळत नाही. यास्तव पन्नाशीनंतर दाण्याची पारख ओलावामापकावर सोपवावी, सुपारी अडकित्त्याने बारीक कातरावी आणि चावताना किंचित कळ आली तरी दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.