अस्थिर ‘झालं’ की ‘केलं’?

‘सरकार अस्थिर करण्याचा डाव’ ही हेडलाइन तुम्ही कितीदा वाचली असेल! पण ‘अस्थिर होणं’ वेगळं, ‘अस्थिर करणं’ वेगळं. दुसऱ्यात करणारा कुणीतरी असतो. नोव्हेंबर २०१९मध्ये पहाटेच्या शपथविधीचं सरकार चार दिवसांत गेलं, तेव्हा करणारे टीव्हीवर दिसत तरी होते. बाजारात ते ओळखणं अवघड. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती देशातले भाव स्थिर राहावेत म्हणून. लासलगावात भाव कोसळले, लिलाव बंद पडले. तुमच्या मेसमधली भजी काही स्वस्त झाली नसतील, पण ज्याची सेमिस्टरची फी कांद्याच्या पैशांतून भरायची असते, असा मित्र होस्टेलवर असेलच. विचारलंत तर एवढंच म्हणेल, ‘सध्या काही स्टेबल नाही रे.’ करणारा त्या वाक्यात येतच नाही.