सर्टिफिकेट माझं, गोल्ड कंपनीचं!

सेमिस्टर संपत आलं की हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाजवळ दोन प्रकारचे कागद हमखास दिसतात. एक मेसच्या थकबाकीचा आणि दुसरा 'सीसीएनए करा, पास होण्याची १०० टक्के गॅरंटी'. पहिला कागद वाचून आपण पळतो आणि दुसऱ्याचा फोन नंबर उतरवून घेतो! सर्टिफिकेट असलं की प्लेसमेंटला वजन पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या कंपन्या सर्टिफिकेटवाली मुलं शोधतात, त्यातल्या बऱ्याच जणांना ते सर्टिफिकेट नक्की कशासाठी हवं असतं, हे मात्र कोणी सांगत नाही. या लेखात तेच समजून घेऊया.

सिस्को, मायक्रोसॉफ्ट, डेल यांसारख्या कंपन्या आपला बराचसा माल स्वतः दारोदार विकत नाहीत. मध्ये एक साखळी असते. सर्वांत वर माल बनवणारी कंपनी, तिला धंद्याच्या भाषेत ओईएम म्हणतात. तिच्याखाली डिस्ट्रिब्युटर, त्याच्याखाली रिसेलर किंवा सिस्टिम इंटिग्रेटर, आणि शेवटी ग्राहक, म्हणजे एखादी बँक, हॉस्पिटल किंवा आपलं कॉलेज. ही साखळी आपल्या उपनगरांतच पाहायला मिळते. १९८९ साली सुरू झालेली राशी पेरिफेरल्स ही अंधेरीची डिस्ट्रिब्युटर कंपनी, तर १९९७ ची ओरिएंट टेक्नॉलॉजीज ही अंधेरी एमआयडीसीतली सिस्टिम इंटिग्रेटर कंपनी. दोन्ही २०२४ साली शेअर बाजारात आल्या. (ही नावं फक्त साखळी समजावी म्हणून दिली आहेत. पुढे येणाऱ्या गैरप्रकारांशी त्यांचा संबंध कृपया जोडू नये.) अशा मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला दहा-पंधरा माणसांचे असंख्य छोटे रिसेलर काम करतात. आपल्यापैकी अनेकांची पहिली नोकरी तिथेच असते.

नुसता बॉक्स विकून रिसेलरला फार थोडं सुटतं. खरा फायदा असतो 'पार्टनर लेव्हल'मध्ये. लेव्हल वर गेली की जास्त डिस्काउंट, वर्षाच्या शेवटी रिबेट आणि ओईएमकडून मिळणारी गिऱ्हाइकं. शिवाय सरकारी टेंडर भरायचं तर अनेकदा ओईएमचं ऑथरायझेशन लेटर लागतं आणि 'पगारावर इतके सर्टिफाइड इंजिनियर असावेत' अशी अटही असते. म्हणजे लेव्हल हा नुसता भिंतीवर टांगायचा बोर्ड नाही, त्यावर धंदा चालतो.

आता ही लेव्हल मिळते कशी? विक्रीचा आकडा हवाच, पण त्याबरोबर सर्टिफाइड माणसंही मोजली जातात. २००० च्या दशकात सिस्कोचा गोल्ड पार्टनर व्हायचं तर चार सीसीआयई इंजिनियर लागत, सिल्व्हरसाठी दोन. सीसीआयई म्हणजे काय गंमत नव्हे! १९९३ साली ही परीक्षा सुरू झाली. आधी लेखी आणि नंतर प्रत्यक्ष लॅब. सुरुवातीला लॅब दोन दिवस चालायची, २००१ पासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. लॅबची फी दीड हजार डॉलरच्या वर, आणि भलेभले पहिल्या फटक्यात नापास होतात. अशी चार माणसं ज्या कंपनीत आहेत ती कंपनी नेटवर्क नीट उभारेल, असं ग्राहकाने मानलं तर त्यात चूक काय? ग्राहकाला राउटरमधलं काही कळत नाही. तो पार्टनरचं नाव बघून विश्वास ठेवतो. सर्टिफिकेटची खरी किंमत ही आहे.

पण जिथे नियम 'माणसं मोजा' असा असतो, तिथे माणसांऐवजी कागद मोजण्याची पळवाट निघतेच. याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार 'डम्प'. परीक्षेतले खरे प्रश्न चोरून बाहेर आणायचे आणि उत्तरांसकट विकायचे. हे आजचं नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईची इतकी लाट आली होती की परीक्षा पास पण सर्व्हरला हात न लावलेल्या लोकांना 'पेपर एमसीएसई' म्हणायला लागले. २००२ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न वेबसाइटवर विकणाऱ्या एका माणसाने व्यापारी गुपितांच्या चोरीचा गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. तरी डम्प काही थांबले नाहीत. नोटीस बोर्डवरच्या त्या 'गॅरंटी'मागे बहुतेक वेळा हेच असतं. नाही तर दुसऱ्याच्या परीक्षेची गॅरंटी कोण देणार?

दुसरा प्रकार 'भाड्याचं सर्टिफिकेट'. माणूस दुसरीकडे नोकरी करतो किंवा घरी असतो, पण त्याचं सर्टिफिकेट एखाद्या रिसेलरच्या खात्याला जोडलेलं असतं आणि त्याबद्दल त्याला दर महिन्याला पैसे मिळतात. ऐकायला नवीन वाटलं तरी आपल्याकडे हा प्रकार जुना आहे. औषधाच्या दुकानात रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर असला पाहिजे असा कायदा, पण कित्येक दुकानांत त्याचं सर्टिफिकेट तेवढं भिंतीवर फ्रेममध्ये असायचं. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा दुकानांवर कडक कारवाई सुरू केली तेव्हा केमिस्ट मंडळींनी केवढा विरोध केला होता! रोग तोच, फक्त इथे गोळ्यांच्या जागी फायरवॉल आहे.

तिसरा प्रकार जास्त सभ्य दिसतो. टेंडरला अनुभवी सीनियरचा बायोडेटा जोडायचा आणि काम मिळाल्यावर साइटवर पाठवायचा कालचा ट्रेनी. कागदोपत्री सगळं बरोबर! आमच्या विंगमधल्या एका सीनियरला नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात असं एका ऑफिसात एकट्यालाच पाठवलं होतं. रात्री अकराला नेटवर्क बंद पडलं आणि ज्याच्या नावावर काम मिळालं होतं तो इंजिनियर कंपनी सोडून कधीच गेलेला. ग्राहकाच्या शिव्या मात्र या बिचाऱ्याने खाल्ल्या.

कोणी म्हणेल, यात एवढं काय बिघडलं? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्या प्रकरणाचा भाड्याच्या सर्टिफिकेटशी संबंध होता असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण सहकारी बँकेच्या नेटवर्कमागे किती लोकांची पुंजी असते हे त्यावरून समजतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे मूलभूत नियम घालून दिले. घाटकोपर-मुलुंडची छोटी बँक हे सगळं स्वतः करू शकत नाही, ती पार्टनरवर अवलंबून राहते. त्या पार्टनरचं 'गोल्ड' नुसतंच मुलामा दिलेलं असेल तर?

ओईएम कंपन्यांनाही हे कळलेलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली जुनी गोल्ड-सिल्व्हर पद्धत बंद करून १०० गुणांची पद्धत आणली. त्यात किमान ७० गुण लागतात आणि सर्टिफाइड माणसं हा त्यातला फक्त एक भाग आहे. ग्राहक किती वाढले आणि ते विकलेली गोष्ट खरोखर वापरतात का, हेही बघितलं जातं. थोडक्यात काय, तर नुसती सर्टिफिकेटं मोजून भागत नाही.

आता आपण काय करायचं? सर्टिफिकेट करूच नये असं मी म्हणत नाही. उलट जरूर करा. सीसीएनएची फी सुमारे ३०० डॉलर आहे आणि ती बहुतेकांच्या आई-बाबांच्या खिशातून जाते. मग त्या पैशात निदान विद्या तरी घरी आणूया. पॅकेट ट्रेसर आणि जीएनएस-थ्री दोन्ही फुकट आहेत, हॉस्टेलच्या साध्या पीसीवर लॅब उभी राहते. एखादं व्हीलॅन स्वतः बिघडवून स्वतः दुरुस्त केलेलं असलं की इंटरव्ह्यूमध्ये तत-पप होत नाही. डम्पवाला मात्र दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. आणि ओईएमच्या हाती सापडला तर सर्टिफिकेट रद्द, वर पुढच्या परीक्षांना बंदी.

नोकरी घेताना दोन गोष्टी जरूर विचारा. परीक्षेची फी कंपनी भरणार असेल तर त्याबदल्यात बाँड किती वर्षांचा? आणि माझं सर्टिफिकेट कंपनीच्या खात्याला जोडलं तर मी त्या विषयाचं काम करणार की नाही? आपल्या प्रोफाइलचा लॉगिन-पासवर्ड एचआरच्या हवाली करू नका. नोकरी सोडताना रिलीव्हिंग लेटर घेतो, तसं आपलं नाव पार्टनर खात्यातून निघालं की नाही हेही तपासून घ्या. आणि 'नोकरी करायची गरज नाही, फक्त सर्टिफिकेट द्या, महिन्याला पैसे देतो' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. पैसे सोपे वाटतील, पण उद्या एखाद्या बँकेचं काम फसलं तर कागदावरचं नाव आपलंच असेल.

सीसीएनएची मुदत तीन वर्षांची असते. त्यानंतर ते पुन्हा मिळवावं लागतं. तेव्हाही लॅब करून शिकलेल्याला थोडीच उजळणी पुरेल, डम्पवाल्याला मात्र पुन्हा नवीन डम्प शोधत फिरावं लागेल. बघा, तुम्हाला काय परवडतं ते!